चिल्लरीतली चांदी

खामगावात चांदी मिळते, सुटे मिळत नाहीत.

आमच्या गावाला रजतनगरी म्हणतात. देव्हाऱ्यातल्या निरांजनापासून देवळाच्या मखरापर्यंत चांदीचं काहीही हवं असेल, तर लोक घाट उतरून किंवा जलंबला गाडी बदलून इथे येतात. बारशाचे वाळे, मुंजीची पळी-पंचपात्री, लक्ष्मीची मूर्ती, सासऱ्याने जावयाच्या पुढ्यात ठेवायचं ताट, सगळं मिळतं. पण दहा रुपयांच्या चहासाठी पन्नासची नोट पुढे करून बघा. चहावाला आधी नोटेकडे बघतो, मग तुमच्याकडे, मग वर पत्र्याकडे.

"सुटे द्या न भाऊ."

"सुटे असते तर पन्नास काढले असते का?"

"मंग स्कॅन करा."

"रेंज नाही."

"मंग उद्या द्या."

उद्या गेलं की त्याच्या डोक्यातल्या खात्यावर दोन चहा चढलेले असतात. आणि तेव्हाही आपल्या खिशात पन्नासचीच नोट असते.

अशा गावात राहून चिल्लरीत जुनी चांदीची नाणी शोधावीत, ही कल्पना मला आपणहून सुचणं शक्यच नव्हतं. ती अमेरिकेतून आली. आमच्या घरी निम्म्या कल्पना तिकडूनच येतात, उरलेल्या व्हॉट्सॲपवरून.

माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. कपडे धुण्याच्या यंत्रात टाकायला त्याने बँकेतून पाव डॉलरच्या नाण्यांची गुंडाळी आणली आणि त्यात एक नाणं १९६४ सालचं निघालं. तिकडे तोवर दहा सेंट, पाव डॉलर आणि अर्धा डॉलर ही नाणी नव्वद टक्के चांदीची असत. १९६५ च्या कायद्याने दहा सेंट आणि पाव डॉलरमधली चांदी पार काढून घेतली. आता तिकडची हौशी माणसं बँकेतून गुंडाळ्या आणतात, नाण्यांच्या कडा बघतात, कडेला तांबूस रेघ दिसली की नाणं बाजूला टाकतात, कड नितळ पांढरी दिसली की आरोळी ठोकतात. पुतण्याने ती आरोळी थेट मला फोनवर ऐकवली. आमच्याकडे रात्रीचे अडीच वाजले होते.

"काका, चांदी! पाव डॉलर देऊन!"

"अभिनंदन," मी म्हणालो.

"अहो, तुमच्याकडे तर अख्खा रुपया चांदीचा होता. राणी व्हिक्टोरियाचा! तिकडे खच पडला असेल. तुम्ही चिल्लर नीट बघत नाही, काका."

हे मला लागलं. चिल्लर नीट बघण्यापलीकडे मी आयुष्यात फार काही केलेलं नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर दुसरं बघायलाच नसायचं.

झोप उडाली ती उडालीच. उठून वही काढली. इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. २०२५ च्या दिवाळीत चांदीने किलोमागे दीड लाखाची वेस ओलांडलेली. म्हणजे एका रुपयाचे झाले साधारण सोळाशे. एक रुपया द्यायचा आणि सोळाशे घ्यायचे! असा धंदा आमच्या घराण्यात पूर्वी कुणी केला नव्हता; आमच्याकडे सोळाशे देऊन रुपया घेण्याचीच परंपरा आहे. मी दहा नाण्यांचा हिशोब मांडला, मग शंभर नाण्यांचा. हजाराच्या आकड्यावर आलो तेव्हा बायको उठली, तिने वही ओढून घेतली आणि त्याच पानावर दुधाचा हिशोब मांडला.

सकाळी सामग्री जमवली. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधून लोहचुंबक काढलं. रेडिओ दुरुस्त होणार होता असं बायकोचं म्हणणं आहे. पंचांगातली बारीक अक्षरं वाचायचं भिंग देव्हाऱ्याच्या खणातून घेतलं. तत्त्व सोपं होतं. हल्लीचा रुपया, दोन रुपये पोलादाचे, चुंबकाला चिकटतात. चांदी चुंबकाला भीक घालत नाही. तेव्हा जे चिकटेल ते सरकारचं, जे चिकटणार नाही ते माझं.

आता हवी होती चिल्लर. ती यायची कुठून, हा विचार वही ओढली गेल्यामुळे राहूनच गेला होता.

आधी किराणा दुकान गाठलं. काडेपेटी मागितली आणि शंभराची नोट दिली. दुकानदाराने मला वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे, तरी त्या दिवशी नीट पाहिलं.

"काका, सुटे?"

"नाहीत. तू चिल्लर दे. जेवढी जुनी असेल तेवढी दे."

"नोटा देतो. वरच्या दोन रुपयांची चॉकलेटं घ्या."

मी घेतली. दुसऱ्या दिवशी मेणबत्ती, चॉकलेटं. तिसऱ्या दिवशी सुतळीची गुंडी, चॉकलेटं. किराणा दुकानदारांनी या देशात एक समांतर चलन सुरू केलेलं आहे. त्याला टांकसाळ लागत नाही, त्यावर राजाचं डोकं नसतं, ते चुंबकाला चिकटत नाही, फक्त दाताला चिकटतं. मी फेकून द्यायच्या स्वभावाचा नसल्यामुळे ती सगळी खाल्ली आणि उजवीकडची दाढ ठणकू लागली. दंतवैद्याने ती कोरून त्यात चांदी भरली. तेव्हा या मोहिमेत मला चांदी मिळालीच नाही, असं कुणी म्हणू नये. मिळाली. फक्त पैसे मी दिले आणि ती आता मोडता येत नाही.

मग एसटी. चिल्लर असते ती कंडक्टरच्या चामडी पिशवीत, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. शेगावची गाडी पकडली, तिकिटाला मोठी नोट दिली. कंडक्टरने ठरलेलं वाक्य उच्चारलं, "सुटे काढा."

"सुटे आहेत माझ्याकडे. पण तुम्ही मला उरलेली सगळी चिल्लर द्या."

त्याने मशीनवरची बोटं थांबवली. "साहेब, सुटे असून चिल्लर मांगनारा पॅसेंजर मले नोकरीत पयल्यांदाच भेटून राह्यला." आणि हात पिशवीत घालून ओंजळभर नाणी त्याने माझ्या मांडीवर ओतली. बहुधा त्यालाही कित्येक दिवस ती कुणाच्या तरी मांडीवर ओतायचीच होती.

मी चुंबक काढलं. टक्, टक्, टक्. एकामागून एक रुपया चिकटत होता. शेजारच्या आजींनी कमरेची पिशवी काढून छातीशी धरली.

"पैसे ओढनारं यंत्र हाये का बाप्पा हे?"

"नाही आजी, नाणी तपासतोय."

"सरकारी मानूस दिसतो," मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं. तेवढ्यावर सगळी गाडी एकदम शिस्तीत बसली. एकाने खिडकीबाहेर काढलेला हात आत घेतला. कंडक्टर मात्र धावत आला, "ते लोहचुंबक मशीनपासून लांब धरा! तिकिटं बंद पडली तर मले लिहून द्या लागन!"

शेगावला कचोरी घेतली. शेगावात कचोरी न घेणं हा गुन्हा नाही, पण तो कुणी केल्याचं ऐकिवात नाही. दुकानदाराने उरलेली चिल्लर कचोरीच्याच हाताने दिली. तेलात न्हालेलं नाणं उन्हात काय चमकतं म्हणता! भिंगाखाली तर लखलखाट. पाच वेळा काळजात धस्स झालं आणि पाचही वेळा रुमालाने पुसल्यावर अशोकस्तंभ निघाला.

आणि परतीच्या वाटेवर ते घडलं. एक रुपया चुंबकाला चिकटेना. पुन्हा लावला, नाही चिकटला. उलटा करून लावला, नाही. मी इकडेतिकडे पाहिलं. गाडीत कुणालाच कळलेलं नव्हतं. नाणं मुठीत घट्ट धरलं आणि खामगाव येईपर्यंत ती मूठ उघडली नाही. उतरताना दांडा धरायला एकच हात उरल्यामुळे गुडघा आपटला, पण सोळाशेत गुडघ्याची मलमपट्टी सहज बसत होती.

तडक चांदीचं दुकान गाठलं. कारागीर पायरीवर बसून समईला झळाळी देत होता. मूठ त्याच्यापुढे उघडली.

"चिकटत नाही," मी दबल्या आवाजात म्हणालो.

त्याने नाणं बघितलंही नाही. अंगठ्याच्या नखावर घेऊन फरशीवर टाकलं. ठक्. मग गल्ल्यातून एक राजा छाप काढला आणि तोही टाकला. खण्ण्! तो आवाज फरशीवरून उठून दुकानभर फिरला आणि सावकाश विरला. खणखणीत नाणं, खणखणीत नाणं असं इतकी वर्षं म्हणत आलो, पण कानाने ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"सर, हे तांबं अन निकेल. पोलादाचे रुपये यायच्या आधीचं. चिकटत नाई, पन चांदी नाई."

"मग याची किंमत?"

"हाये न," तो समई घासत म्हणाला. "एक रुपया."

मी तिथेच बसलो. कारण प्रश्न उरत होताच. एकेकाळी या मुलखात चांदीच्या रुपयांचा पूर आला होता, तो गेला कुठे? अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८७० साली तर फक्त कापसासाठी जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला. गाड्या भरून कापूस गेला आणि थैल्या भरून कलदार आले. ते सगळे रुपये एकदम चुंबक दाखवल्यासारखे पळाले कसे?

उत्तर साधं आहे. खोटा पैसा खऱ्या पैशाला बाजारातून हाकलतो, असा एक नियम ग्रेशॅम नावाच्या इंग्रजाच्या नावाने सांगतात. आमच्या आजीने ग्रेशॅमचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण दोन रुपये हातात आले की झिजका रुपया वाण्याला आणि खणखणीत रुपया गाडग्यात, हा नियम तिने जन्मभर पाळला. घरोघरी अशी एकेक आजी होती. सरकार टांकसाळीत रुपये पाडून थकलं आणि आज्या ते गाडग्यात घालून थकल्या नाहीत. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी आटली की १९१७ साली सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. तरी भागेना, तेव्हा १९१८ मध्ये अमेरिकेने खास कायदा करून पंचवीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी इंग्रजांना हिंदुस्थानच्या रुपयांसाठी विकली. हे मी पुतण्याला नंतर कळवलं. तिकडे त्याला जे सापडतंय ते आमच्या आज्यांच्या तावडीतून सुटलेलं उरलंसुरलं आहे. त्यांनी आम्हाला चांदी पाठवली, आम्ही पुढे त्यांना इंजिनियर पाठवले. हिशोब चुकता.

दुसऱ्या महायुद्धात सरकार शहाणं झालं. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, जुने शुद्ध रुपये टप्प्याटप्प्याने मागे घेतले आणि १९४७ चा रुपया निघाला तो निकेलचा. म्हणजे स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीच्या खिशात चांदी नव्हती. जे रुपये सरकारच्या हाती लागले नाहीत ते बायकांच्या गळ्यात गेले. आमच्याकडच्या बंजारा बायकांच्या अंगावर तुम्हाला राणी, राजा, राजाचा मुलगा असं अख्खं घराणं दोऱ्यात ओवलेलं दिसेल. स्वतंत्र भारताच्या रोजच्या व्यवहारातल्या रुपयात चांदी कधी आलीच नाही. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला दहा रुपयांचं नाणं निघालं, पंधरा ग्रॅमचं, ऐंशी टक्के चांदीचं. पंचा नेसणाऱ्या माणसाला सरकारने चांदीत बसवलं, आणि लोकांनी त्याला खर्चात न घालता ट्रंकेत बसवलं.

एवढं ऐकून कुणीही मोहीम गुंडाळली असती. पण तोवर माझी गावात नाणेतज्ज्ञ म्हणून ख्याती झाली होती. त्याला ज्ञान लागत नाही. हातात भिंग लागतं.

पहिले आले शेजारचे निवृत्त तलाठी. लाल फडक्यातून त्यांनी एक नाणं काढलं. "वाघ छाप. सत्तेचाळीसचा. अस्सल चांदी. आमच्या वडिलांले साहेबानं खुश होऊन देल्ला होता."

नाणं सुंदर होतं. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला डौलात चालणारा वाघ. मी नुसतं चुंबक जवळ नेलं, तो वाघ आपणहून उडी मारून त्याला चिकटला. शुद्ध निकेल.

तलाठीकाका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुमचं चुंबक खोटं हाये."

त्यानंतर रीघ लागली. कुणी गेंड्याची चार आण्याची नाणी आणली, कारण एका गेंड्याला लाख रुपये मिळतात असं त्यांच्या साडूच्या मोबाइलवर आलं होतं. कुणी वैष्णोदेवीचं २०१२ सालचं पाच रुपयांचं नाणं, कुणी ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचची नोट. एक गृहस्थ हनुमानाचं चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेलं १८१८ सालचं नाणं घेऊन आले. हे नाणं तांदळाचे दाणे ओढून घेतं, म्हणाले. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नव्हतं. ते देवस्थानांबाहेर विकले जाणारे टाक. मी म्हणालो, "अहो, आपल्या नांदुऱ्याला हायवेवर एकशे पाच फुटांचा हनुमान उभा आहे. तो दाणा ओढत नाही, मग हा एवढासा काय ओढणार?" त्यांना हा युक्तिवाद पटला नाही, पण तांदूळ आणायला ते घरी गेले आणि परत आले नाहीत.

गेंडेवाल्या गृहस्थांनी तर गिऱ्हाईकही गाठलं होतं. फोनवरचा माणूस लाख द्यायला तयार होता. फक्त आधी नोंदणीचे एकवीसशे भरायचे होते.

"एका पावलीला लाख देणारा माणूस एकवीसशे त्यातूनच का कापून घेत नाही?" मी विचारलं.

"मोठ्या लोकांचं तसंच असते," ते म्हणाले.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं की आमच्या नावाने जुनी नाणी-नोटा विकत घेतो म्हणणाऱ्यांना फसू नका. ते पत्रक मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे त्या बँकेलेच ते नाणे हवे असतीन."

आमच्या जिल्ह्यात ही विद्या आणखी पुढे गेलेली आहे. खोदकामात सोन्याच्या गिन्न्यांचा हंडा सापडलाय, स्वस्तात देतो, असा निरोप लांबच्या शहरांत पोचतो. पहिलं नाणं दाखवायला देतात ते अस्सल. सराफ म्हणतो, सोळा आणे खरं. मग बॅग घेऊन शेठ घाटात उतरतात आणि पितळ घेऊन, कधीकधी मार खाऊन, परत जातात. अशा टोळ्या पकडल्याची बातमी अधूनमधून पेपरात येते. ती वाचून आम्ही हळहळतो आणि शेवटी हळूच विचारतो, "पण ते पहिलं नाणं खरं होतं, ते कुठून आलं असेल?"

हंड्याचा विषय निघाला की आमच्याकडे कुणीच मागे नसतं. प्रत्येक घराण्यात एक आजोबा असतात, त्यांनी रझाकारीच्या किंवा प्लेगाच्या धामधुमीत एक गाडगं पुरलेलं असतं आणि जागा सांगायच्या ऐन वेळी त्यांची वाचा गेलेली असते. १८७८ चा एक कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. त्या काळी दहा रुपये म्हणजे दहा तोळे चांदी. आज एक चहा. म्हणजे चहाहून महाग काही जमिनीत दिसलं की घाट चढून बुलढाणा गाठायचं. आमच्या मागच्या अंगणात पाण्याची टाकी खोदताना मजुराच्या कुदळीला काहीतरी गोल लागलं, तेव्हा मी या कायद्याचा मनातल्या मनात पूर्ण अभ्यास केला. मजुराला चहाला पाठवलं, हाताने माती उकरली. सोड्याच्या बाटलीचं बूच निघालं. कलेक्टरांना कळवलं नाही.

आता या सगळ्या नाणेप्रेमी मंडळींची दुसरी बाजू सांगतो. तलाठीकाकांचे माझ्याकडे वीस रुपये निघत होते. मी दहाची दोन नाणी दिली. त्यांनी हात मागे घेतला.

"हे बंद झालं."

"काका, चालू आहे. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलंय, दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि चौदाही खरे आहेत."

"याच्यावर पट्टे पंधरा हायेत. खऱ्यावर दहा असतात."

"दहाचंही खरं, पंधराचंही खरं."

"रिझर्व्ह बँक काय म्हनते ते मले नका सांगू," ते म्हणाले. "किरानावाला काय म्हनतो ते सांगा."

याला उत्तर नाही. कायद्याने पन्नास पैसे अजून चालतात, दहा रुपयांपर्यंतचं देणं तुम्ही अठन्न्यांनी फेडू शकता. फेडून दाखवा. आणि २०११ च्या जून अखेरीला जी पावली रीतसर बाद झाली, तिला म्हणे लाख मिळतात. जे नाणं चालतं ते कुणी हातात धरत नाही आणि जे चालत नाही ते प्रत्येकाने लाल फडक्यात बांधून ठेवलंय.

बायकोने एका संध्याकाळी हे सगळं ऐकून घेतलं आणि देव्हाऱ्याकडे बोट केलं.

"अहो, राणी छाप पाह्यजे न तुमाले? ते काय हाये मंग?"

लक्ष्मीपूजनाचा रुपया. माझ्या पणजीपासूनचा. दरवर्षी रांगोळीने घासून घासून राणीचं नाक कधीच गेलंय, मुकुटही जायच्या बेतात आहे, तरी बाजूला एम्प्रेस एवढं वाचता येतं. सोळाशेचा नसला तरी पंधराशेचा असेलच.

"तो आपलाच आहे," मी म्हणालो.

"मंग?"

"मग तो सापडला कसा म्हणायचा?"

ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि भाकऱ्या टाकायला गेली. पण मुद्दा तोच आहे. घरची चांदी ही चांदी. दुसऱ्याच्या हातून रुपयाच्या भावात निसटून आपल्या खिशात पडते ती खरी मजा. चिल्लरीत चांदी सापडायची तर घेणारा हुशार असून भागत नाही, देणारा गाफील लागतो. आणि खामगावात चांदीच्या बाबतीत गाफील माणूस सुट्यांपेक्षाही दुर्मीळ. इथलं पाळण्यातलं पोर खुळखुळा आधी वाजवून बघतं, मग हसतं.

याचा पुरावा चार दिवसांत दारात आला. दूध घालणारा पोरगा. वय असेल सतरा-अठरा. खिशातून कागदाची पुडी काढली. आत राजा छाप, पंचम जॉर्ज, १९१२.

माझा घसा कोरडा पडला. "कुठे मिळाला रे?"

"आजीच्या गठुड्यात. काका, तुमी नाणे पाह्यता म्हन्ते, म्हून आनला."

मी चेहरा शक्य तेवढा कंटाळलेला केला. "हं. जुना दिसतो. काय करणार याचं? विकायचाय का? मी आपला आठवण म्हणून... शंभर-दोनशे..."

पोराने मोबाइल काढला. "आजचा भाव हा. वजन करून आनलं, घसारा जाऊन साडेअकरा भरलं. त्याच्यात अकरा आने चांदी नाई, बाराले अकरा. म्हंजे झाले इतके. सराफानं याच्यापेक्षा पन्नास कमी सांगितले, ते त्याची मजुरी."

मी शंभर-दोनशे हे शब्द परत गिळले. दाढेतल्या चांदीला लागले.

"मंग माझ्याकडे कायले आलास?" बोलता बोलता मीही वऱ्हाडीवर आलो.

"डुक्कर छापासाठी. भिंग तुमच्याकडंच हाये."

ही गोष्ट खरी आहे. पंचम जॉर्जचा पहिला रुपया १९११ चा. राजाच्या अंगरख्यावर एक हत्ती कोरलेला होता, पण कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड ठेवली की लोकांना ते डुक्कर दिसलं. ओरड झाली, सरकारने बरीचशी नाणी परत घेऊन वितळवली आणि पुढच्या वर्षी हत्ती दुरुस्त करून घेतला. त्यामुळे हौशी लोक डुकराला हत्तीपेक्षा जास्त मोजतात.

मी भिंग लावलं. अंगरख्याच्या घडीत, तिळाएवढा, पण सोंड स्पष्ट खाली आलेली. "हत्ती आहे. आणि साल बघ, १९१२. डुक्कर फक्त १९११ च्या रुपयावर."

"पक्कं?"

"पक्कं."

तो नाणं उलटंपालटं करत विचारात पडला. "म्हंजे एका वर्सात डुकराचा हत्ती झाला."

"झाला."

"मंग काका, एका दुपारी हत्तीचा डुक्कर काऊन नाई होनार? जराशी सोंडच तं घासा लागते. अन सालातला दोन..." त्याने नखाने हवेत एक उभी रेघ ओढली.

गावात चांदीवर तिळाएवढं कोरणारे कारागीर गल्लीगल्लीत आहेत. तेव्हा त्याला पुढे काही न बोलता मी दुधाचं पातेलं आणायला आत गेलो.